ट्रायलची डिस्क

लग्नाच्या व्हिडिओत कोण राहणार आणि कोण जाणार, हे रिसोडात सहा-सात वर्षं माझ्या हातात होतं. आज हे फुशारकीनं सांगत नाही, पण तेव्हा फुशारकी होती आणि चांगलीच होती. बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी मिक्सिंग करायची. बाहेरच्या खोलीत पासपोर्ट फोटो निघायचे, आतल्या खोलीत माझा कॉम्प्युटर. मालकांना अख्खं गाव चाचा म्हणायचं, मीही म्हणायची. शूटिंग त्यांचं, कापाकापी माझी. कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसलेल्या मुलीला आमच्याकडे दुसरं काय मिळणार होतं? आणि खरं सांगायचं तर मला ते काम मनापासून आवडायचं.

तेव्हा लग्न डीव्हीडीवर द्यायचे. डिस्क दोन जातींच्या. एक साधी, एकदा लिहिली की विषय संपला. दुसरी आरडब्ल्यू, म्हणजे लिहा, पुसा, पुन्हा लिहा. साधी गिऱ्हाइकाला जायची, आरडब्ल्यू दुकानाची राहायची. अशा आठ-दहा आरडब्ल्यू आमच्याकडे होत्या, प्रत्येकीवर मार्करनं नंबर टाकलेला, आणि त्यांना आम्ही ट्रायल म्हणायचो. कॅमेऱ्यात जे आलं ते सगळं, आवाजासकट, काहीही न कापता ट्रायलवर उतरवायचं आणि लग्नघरी पाठवायचं. घरच्यांनी ती आठवडाभर ठेवायची, भावकीत फिरवायची, आणि मग काय ठेवायचं, काय काढायचं ते कागदावर लिहून आणायचं. त्याच्यानंतर फायनल. परत आलेली ट्रायल पुसली की ती पुढच्या लग्नाला मोकळी.

हा रिवाज चाचांनी कशासाठी पाडला ते मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. लग्न होऊन आठ दिवस होत नाहीत तोच घराघरात रुसवेफुगवे सुरू व्हायचे आणि त्यांचा निकाल माझ्या टेबलावर लागायचा. एका घरानं नवरदेवाची मामी काढायला लावली, कारण तिनं आहेराचं लुगडं परत केलं होतं. एकानं धाकटा जावई काढायला सांगितला. तो पठ्ठ्या प्रत्येक फ्रेममध्ये घुसला होता, त्याला काढता काढता नवरीही निम्मी गेली. मी कागद वाचायची, हसायची आणि कापायची. माणसं इतकी सहज निघतात याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

ट्रायल पुसायचेही दोन प्रकार होते. झटपट पुसलं की मिनिटभरात डिस्क रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. वरची यादी तेवढी जाते, आतलं मात्र पुढचं काही लिहीपर्यंत तसंच पडून राहतं. पूर्ण पुसायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मग आत काहीच उरत नाही. चाचा नेहमी झटपट पुसायचे. मी कधीच नाही. झटपट पुसलेली डिस्क पुढे अडकते, चित्राचे चौकोन चौकोन होतात, असं माझं ठाम मत होतं, आणि माझ्या हातून गेलेली डिस्क कुणाच्या घरी अडकलेली मला खपायची नाही. "बेटा, इतना टाइम कायले घालवते?" चाचा म्हणायचे. मी ऐकायची नाही. नीटनेटकेपणाचा मला माज होता, दुसरा शब्द नाही त्याला.

मग आमच्याच घरचं लग्न निघालं, माझ्या भावाचं. मुलगी अकोल्याची, व्याही मोठे नोकरदार. माझे बाबा शाळेत क्लार्क होते. महिनाभर आधीपासून त्यांनी घराला रंग काय दिला, खुर्च्या काय बदलल्या, आम्हाला कसं बोलायचं, कसं बसायचं याचे धडे काय दिले. बाबांचे थोरले भाऊ केनवडला राहायचे, त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. त्यांची थोडीशी शेती होती, बाकी मजुरी. बाबा शिकले ते या भावाच्या जिवावर. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, मंगल परिणय झाला, आणि जेवणं सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडच्या चार-चार माणसांनी माईकवरून आशीर्वाद दिले. सगळ्यांच्या शेवटी मोठे बाबा उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात माईक आला होता. मी तेव्हा आत नवरीची साडी बदलायला गेले होते. मोठ्या बाबांची बायको, आमची मोठी माय, मांडवामागं कोठीवर बसली होती. कोठी म्हणजे बुंदी, तेल, पीठ, सगळं सामान. आमच्याकडे लग्नात तिथं एक भरवशाचं माणूस बसवतात आणि शेवटची पंगत उठेपर्यंत ते जागचं हलत नाही. तिच्या एका बाजूला आचाऱ्याच्या भट्ट्या भणभणत होत्या, दुसऱ्या बाजूला जनरेटर. नवरा माईकवर बोलतोय म्हणून तिला कोणी उठवलं नाही, आणि कोठी सोडून तीही उठली नाही.

मोठे बाबा काय बोलले ते मला नंतर बाबांच्या रागातून कळलं. आम्ही दोघं भाऊ एका सदऱ्यावर वाढलो, सकाळी धाकटा तो घालून शाळेत जायचा आणि दुपारी तोच घालून मी मजुरीला, असं त्यांनी सांगितलं होतं. पाहुणे हसले होते. मोठ्या बाबांना वाटलं, आपलं बोलणं लोकांना आवडलं. बाबांना वाटलं, आपलं हसं झालं.

चाचांनी पुढच्याच आठवड्यात ट्रायल दिली, सहा नंबरची. व्याही सहज म्हणून अकोल्याहून आले होते, बाबांनी मोठ्या हौसेनं ती त्यांच्यासमोर लावली. मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. बाहेर एकदम हसण्याचा आवाज आला आणि लगेच टीव्ही बंद झाला. सदऱ्यापाशी बाबांनी रिमोट दाबला होता. पाहुणे गेल्यावर ते मला म्हणाले, "त्याचं बोलनं काढून टाक. अकोल्याच्या लोकायसमोर माह्या अंगातला सदरा काढला त्यानं." आई म्हणाली, "भाऊच हाय ना तुमचा. खोटं तं नाही बोलला." बाबा म्हणाले, "खरं हाय म्हनूनच सांगून राह्यलो."

तरी रिवाजाप्रमाणे ट्रायल भावकीत फिरायला हवी होती, म्हणून आईनं ती गुपचूप केनवडला पाठवली. चार दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, मोठे बाबा दुकानात आले. रुमालात गुंडाळलेली डिस्क त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, हे तं लागतच नाही आमच्या मशीनवर. नो डिस्क, नो डिस्क म्हनते निरा." जुने प्लेअर आरडब्ल्यू पकडत नसत, हे आम्हाला माहीत होतं. गिऱ्हाइकाला आम्ही आधी सांगायचो. घरच्या माणसाला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"मले एक साधी बनवून दे," ते म्हणाले. "तुह्या मोठ्या मायले दाखवाची हाय. ते तं कोठीवरच व्हती, तिनं काहीच नाही पाह्यलं."

"देते ना. पुढच्या बाजाराले घेऊन जा."

पंधरा मिनिटांचं काम होतं. ड्राइव्हमध्ये एक डिस्क घालायची, दुसरी काढायची, एवढंच. त्याच क्षणी बसले असते तर मोठे बाबा चहा पिऊन होईपर्यंत झालं असतं. पण बाहेर गिऱ्हाईक होतं, आणि घरचं काम काय, कधीही होतं.

संध्याकाळी बाबांना हे कळलं. "त्याले अजिबात देऊ नको. साऱ्या केनवडले दाखवत बसंल. पूस ते." मी त्यांची बाजू घेतली असं नाही. भांडलेही नाही. त्या सदऱ्यावरून घरात आठ दिवस जी धुसफूस चालली होती तिचा मला वीट आला होता. सकाळी दुकानात गेले आणि आधी तो तुकडा कापला. सात-आठ मिनिटांचा होता. काम करताना मी स्पीकर कधी लावत नसे, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं असायचं, आणि विधी सोडला तर बाकी सगळ्यावर आम्ही गाणीच टाकायचो. मोठ्या बाबांचे ओठ हलताना पाहिले, माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता तेही पाहिलं. सुरुवातीला एक खूण केली, शेवटी एक खूण केली आणि डिलीट दाबलं. मग सहा नंबरची डिस्क आत घातली आणि पूर्ण पुसायला लावली. कॅमेऱ्यातली कॅसेट चाचांनी तोवर किन्हीराजा गावच्या एका लग्नात वापरून टाकली होती. फायनल निघाल्यावर कॉम्प्युटरमधलं सगळंही मीच उडवलं, पुढच्या लग्नाला जागा लागायची म्हणून.

फायनलची साधी डिस्क केनवडच्या मशीनवर मात्र पहिल्या झटक्यात लागली. मोठे बाबा पुन्हा दुकानात आले. "बाई, त्याच्यात मी बोललो ते नाही आलं."

"राह्यलं असंल. पाहते मी," मी म्हणाले.

"पाह्य बरं. काही घाई नाही." एवढं बोलून ते एसटीकडे गेले. त्यांना माझा संशय आला नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्याच हिवाळ्यात वावरात जाताना त्यांच्या छातीत दुखलं आणि ते रस्त्यातच गेले. त्यांचे फोटो तीन-चार होते, सगळे रेशनकार्डाला काढल्यासारखे ताठ. चालता-बोलता माणूस कुठेच नव्हता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, लोक पांगले, आणि मोठी माय माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, ते त्यायचं भाषन तुह्यापाशी हाय ना?"

ती हळूच सांगायला लागली. मांडवातून बाहेर आलेल्या दोघी-तिघींनी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं, बुढ्यानं शेवटी तुह्यं नाव घेतलं, माईकवर, सगळ्यायसमोर. एक जण मात्र म्हणत होती, नाव-बिव काही नाही, नुसतं 'घरची' म्हनला. मोठ्या बाबांनी तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. आधी 'अवो', मग 'ऐकतं काय', पोरं झाल्यावर 'पोराची माय'. आमच्या जुन्या माणसांत ती रीतच होती. तिनं त्यांना थेट विचारलंही होतं, तर ते लाजून म्हणाले होते, सीडीत पाहून घेजो.

"मले एकडाव ऐकाचं हाय त्यायच्या तोंडून," मोठी माय म्हणाली. "मंग तू ठेवून देजो तुह्यापाशी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "कॉम्प्युटरात असंल कुठंतरी. शोधते."

मी शोधलं नाही असं नाही. सहा नंबरची डिस्क खणात सापडली. त्या पुसण्यानंतर ती काही लिहूनच घेईना, म्हणून कुणीतरी बाजूला टाकली होती. तिच्यावर दुसरं लग्न चढलेलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की ती मीच पूर्ण पुसली होती हे डोक्यातच आलं नाही, मी चाचांनाही न सांगता तशीच वाशीमला गेले, डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे. त्यानं डिस्क उजेडात धरून पाहिली. "कोनतं इरेज मारलं व्हतं, मॅडम? क्विक की फुल?"

"फुल."

"मंग आणली कायले?" तो म्हणाला. "क्विक असतं तं काहीतरी हातपाय मारले असते." येताना बसमध्ये मला चाचांचा राग आला, त्यांनी मला कधी दरडावून का सांगितलं नाही म्हणून. असला राग कुठे टिकतो?

भावाला विचारलं, तो म्हणाला त्या वेळी त्याचे फोटो काढणं चाललं होतं. बाबांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मले सदऱ्याच्या पुढचं काहीच ऐकू नाही आलं," ते म्हणाले. त्या लग्नाची डिस्क बाबांनी त्यानंतर लावली नाही, कुणाला लावूही दिली नाही. मी त्यांना दोष देत नाही. सांगितलं त्यांनी, पुसलं मी.

मोठ्या मायशी मात्र मी खोटं बोलत राहिले. आधी कॉम्प्युटर बिघडला होता. मग त्यातली हार्ड डिस्क खराब झाली होती. मग ती अकोल्याला एका हुशार माणसाकडे पाठवली होती आणि त्याच्याकडे काम फार असल्यामुळे वेळ लागत होता. दर बाजाराला ती विचारायची, आणि मी त्या अकोल्याच्या माणसाला थोडं थोडं मोठं करत जायची. त्याचं लग्न ठरलं, त्याची आई आजारी पडली. मोठ्या मायनं त्याच्यासाठी दोनदा मुगाची डाळ पाठवली, घरी भरडलेली, पिशवीला गाठ मारून. ती डाळ आम्ही खाल्ली. मला घास उतरत नव्हता, पण आईला कारण कसं सांगणार, म्हणून उतरवला.

मग दिवस बदलले. डीव्हीडी गेली, पेन ड्राइव्ह आला, आता तर लग्न मोबाईलवरच पाठवतात. चाचांनी दुकान गुंडाळलं आणि मी एका शाळेच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. आता पोरगं शिंकलं तरी त्याचा व्हिडिओ असतो. मोठी माय बाजाराला येईनाशी झाली, पण केनवडचं कोणी भेटलं की निरोप असायचाच, अकोल्यावरून आलं काय? दहा वर्षांच्या वर झाली असतील. विसरेल, असं मी धरून चालले होते. ती विसरणाऱ्यांतली नव्हती.

गेल्या वर्षी ती न्हाणीत पडली आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एका रविवारी जीपनं केनवडला गेले. यावेळी सांगायचंच, असं पक्कं ठरवलं होतं. खरं बोललं की बरं वाटतं म्हणतात, मला बरं वाटायला हवं होतं. तिला काय हवं आहे हे मी जीपमध्ये एकदाही मनात आणलं नाही.

ती बाजेवर पडून होती, अंगानं अगदी निम्मी झालेली. सून बाहेर धुणं धूत होती. मला पाहिल्याबरोबर तिनं विचारलं, "आलं काय अकोल्यावरून?"

"मोठी माय, अकोल्याले काहीच पाठवलं नव्हतं. तिथं कोनी मानूसही नाही. ते मीच पुसलं."

"कवा?"

"लग्न झालं त्याच महिन्यात."

"म्हंजे ते व्हते तवाच."

"हो."

मला वाटलं, ती शिव्या देईल. मी तयारच होते, किंबहुना त्याच्यासाठीच गेले होते. पण तिच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. थोडा वेळ ती गोधडीची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. पुसलं तं पुसलं. तू तरी काय करशीन, बापानं सांगतलं असंल." आणि कोपरावर उठायची धडपड करत तिनं विचारलं, "पन कापाच्या आंधी तुनं तं पाह्यलं असंल ना? तुह्या हातानंच कापलं. घेतलं व्हतं काय त्यायनं माह्यं नाव?"

हा प्रश्न येईल हे इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं. खरं बोलायला आले होते, म्हणून खरंच बोलले. "पाह्यलं, मोठी माय. ऐकलं नाही. आवाज बंद व्हता. मले माहीत नाही."

ती पुन्हा आडवी झाली. बाहेर धुणं आपटल्याचा आवाज येत होता. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, त्या घडीला मला खरंच हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

"इतके साल खोटं बोलली," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. आवाजात चिडणं नव्हतं, नुसतं नवल होतं. "आज एवढं 'हो' म्हनली असती तं काय झालं असतं तुह्यं?"

मी बाजेवर वाकले. "घेतलं व्हतं, मोठी माय," मी म्हणाले. "खरंच घेतलं व्हतं."

तिनं हातानंच मला थांबवलं आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.